डावीकडची खुर्ची : ग्रंथालयातलं डिजिटल मदत-टेबल

प्रश्न ऐरोलीतल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यवाहांचा आहे. देणगीतून दोन संगणक आले, ब्रॉडबँड घेतलं, दारावर ‘मोफत इंटरनेट सुविधा’ असा फलक लावला. सहा महिने झाले. अभ्यासिकेतली मुलं कधीमधी निकाल बघतात, एरवी संगणकांवर टॉवेल पांघरलेला असतो. ज्यांच्यासाठी हे केलं त्या घरकामाला जाणाऱ्या बायका, पेन्शनर, एमआयडीसीतले कामगार कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पैसे देऊन फॉर्म भरून घेतात. डिजिटल दरी कमी करायची म्हणतात, ती ग्रंथालयाने नेमकी कशी करायची?

आधी तो फलक उतरवा. इंटरनेट हवं म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही. माणूस निघतो तो मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, पीएफ अडकला म्हणून, आईचा हयातीचा दाखला द्यायचा म्हणून. इंटरनेट तर त्याच्या खिशातही आहे, बहुतेकदा दिवसाच्या दीड जीबीसह. त्याच्याकडे नाही ती गोष्ट वेगळी आहे : घाई न करता, पैसे न मागता, शेजारी अर्धा तास बसणारं माणूस. झेरॉक्सवाला फॉर्म भरून देतो, आणि तो ते चोख करतो, त्याच्याशी स्पर्धा करू नका. पण त्याच्या दुकानात ग्राहक काउंटरच्या अलीकडे उभा असतो आणि कीबोर्ड पलीकडे. पुढच्या वर्षी त्याच फॉर्मसाठी तोच माणूस तिथेच उभा राहतो. ग्रंथालयाने कीबोर्ड काउंटरच्या अलीकडे आणायचा. बाकी सगळं त्यातून निघतं.

म्हणून खर्चाची यादी करण्याआधी खुर्च्या मांडून बघा. प्रत्येक संगणकापुढे दोन. वाचकाची खुर्ची कीबोर्डच्या बरोबर समोर, मदतनिसाची तिच्या डावीकडे, अर्धी वीत मागे. डावीकडेच का, तर माउस उजवीकडे असतो आणि मदतनिसाचा हात तिथे पोहोचत नाही. ही बारीकसारीक बाब वाटेल, पण या टेबलाचं यश निम्मं तिच्यावर आहे. उजवीकडे बसलेला मदतनीस दोन मिनिटांत ‘थांबा, मी करतो’ म्हणून माउस घेतो, मग वाचक हळूहळू मागे सरकतो आणि पाच मिनिटांनी पाकिटातले कागद काढून द्यायचं काम तेवढं त्याच्याकडे उरतं. (वाचक डावखुरा असेल तर माउस आणि खुर्ची दोन्ही फिरवा.) मदतनिसाने बोट दाखवायचं तेही पडद्याला न टेकता, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यातला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा आहे. या टेबलावर पहिल्या भेटीत तो बिनदिक्कत मोडायचा. दहा मिनिटांचं काम पस्तीस मिनिटं चालू द्यायचं.

वेळ ठरवताना आठवड्याचे सगळे दिवस उघडं ठेवण्याचा मोह टाळा. दोन दिवस दोन-दोन तास पुरे, पण ते कधीच चुकायचे नाहीत. बायकांसाठी दुपारी 2 ते 4 सोयीचं, कारण सकाळची कामं आटोपलेली असतात आणि मुलं शाळेतून यायची असतात. कामगारांसाठी आपल्या भागातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते ते विचारून घ्या, रविवार गृहीत धरू नका. दोन संगणक, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या, म्हणजे दोन तासांत आठ माणसं होतात. नावं मात्र सहाचीच लिहून घ्या. एक जागा लांबलेल्या कामाला जाते, दुसरी दारात अचानक उभ्या राहिलेल्या माणसाला.

बायकांची वेळ वेगळी ठेवण्यामागे सोयीपलीकडचंही कारण आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया 33.3 टक्के निघाल्या आणि पुरुष 57.1 टक्के. घरात एक स्मार्टफोन असेल तर तो सकाळी कुणाबरोबर बाहेर पडतो हे वेगळं सांगायला नको. दिघ्याच्या चाळींतून किंवा येऊरच्या पाड्यांवरून आलेली बाई पुरुषांनी भरलेल्या अभ्यासिकेतून वाट काढत संगणकापर्यंत येणार नाही. टेबल देवघेव काउंटरच्या जवळ, दारातून दिसेल असं ठेवा.

आता अडतं कुठे ते बघू. अनुभव नसलेल्यांना वाटतं की लोकांना टायपिंग येत नाही म्हणून अडतं. टायपिंगचा क्रमांक फार खालचा. पहिला अडसर मोबाइल नंबर, दुसरा नाव.

मोबाइलचं असं : आधारला जोडलेला नंबर आठ-दहा वर्षांपूर्वीचा असतो. तो रिचार्ज न केल्याने बंद पडला, कंपनीने दुसऱ्याला दिलाही. किंवा तो मुलाचा आहे आणि मुलगा पुण्याला. ओटीपी तिथे जातो आणि इथे सगळं ठप्प. त्यामुळे टेबलावर बसवण्याआधी, नाव लिहून घेतानाच विचारा : ‘आधारला कोणता नंबर आहे, आणि तो फोन आत्ता तुमच्याजवळ आहे का?’ नसेल तर त्या दिवशी फॉर्म उघडू नका. नंबर बदलायला आधार केंद्रात पाठवा, कोणते कागद न्यायचे ते चिठ्ठीवर लिहून द्या आणि पुढची तारीख द्या. शंका असेल तर आधारच्या 1947 या नंबरवर तिथल्या तिथे फोन लावता येतो. ‘मुलाला फोन लावा आणि ओटीपी विचारा’ ही पळवाट मात्र बंदच ठेवा. शुक्रवारी आपण याच टेबलावर शिकवणार की ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, आणि मंगळवारी स्वतःच तो फोनवरून मागवणार. लोक सांगितलेलं विसरतात, केलेलं लक्षात ठेवतात.

नावाचं दुखणं जास्त चिवट. आधारवर ‘दत्तात्रय’, शाळेच्या दाखल्यावर ‘दत्तात्रेय’, बँकेत ‘डी. के.’. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, पण पीएफला माहेरचं. पोर्टल अक्षर अन् अक्षर जुळवून बघतं आणि ‘तपशील जुळत नाही’ एवढंच सांगतं. इथे मदतनिसाने संगणकाला हात लावण्याआधी कोरा कागद घ्यावा, चार ओळी आखाव्यात : आधार, पॅन, बँक, शाळेचा दाखला. प्रत्येकासमोर नाव आणि जन्मतारीख जशीच्या तशी उतरवावी, इंग्रजी स्पेलिंगसह. चूक बहुतेक वेळा त्या कागदावरच दिसते. मग कोणता कागद आधी दुरुस्त करायचा ते ठरवता येतं. सर्वसाधारण क्रम असा की ज्या कागदाच्या आधारावर बाकीचे बनतात तो आधी, म्हणजे बहुतेकदा आधार, मग पॅन, मग बँक. नावच पूर्ण बदललेलं असेल तर राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून सुरुवात. उलटा क्रम लावला की तीन चकरांच्या सहा होतात.

तिसरी अडचण फाइलचा आकार. ही पूर्णपणे ग्रंथालयात सुटणारी आहे, म्हणून तिच्यावर नीट मेहनत घ्या. बँकांच्या भरती परीक्षेसारख्या फॉर्मना फोटो 200 बाय 230 पिक्सेलचा, 20 ते 50 केबी, आणि सही 140 बाय 60 पिक्सेल, 10 ते 20 केबी अशी मागणी असते. फोनने काढलेला फोटो असतो 3000 बाय 4000 पिक्सेलचा, तीन-चार एमबीचा. मुलं काय करतात, तर पिक्सेल तेवढेच ठेवून दर्जा खाली खाली आणतात. चेहऱ्याचे चौकोन होतात, तरी फाइल दोनशे केबीच्या खाली येत नाही. क्रम उलटा ठेवा. आधी फोटो कापून चेहरा आणि खांदे एवढंच ठेवा, मग लांबी-रुंदी कमी करा आणि अगदी शेवटी दर्जा. ‘जिंप’ या मोफत प्रोग्रॅममध्ये जेपीजी साठवताना पूर्वदृश्याची खूण केली की पट्टी सरकवताना फाइल किती केबीची होईल ते तिथेच दिसतं. विंडोजवरच्या ‘इरफानव्ह्यू’त तर आकडा थेट ठरवून देता येतो. जास्तच लहान करू नका, 20 केबीच्या खालचा फोटोही फॉर्म परत करतो आणि तेव्हा लोक ‘आता तर लहान केला की!’ म्हणून वैतागतात. सही कोऱ्या कागदावर काळ्या शाईच्या पेनाने, नेहमीपेक्षा थोडी मोठी करायला सांगा. निळ्या बॉलपेनची बारीक सही लहान करताना पुसटून जाते.

दाखले स्कॅन करताना 200 डीपीआय (इंचाला 200 ठिपके), करड्या रंगात. ए-4 पान त्यात साधारण 1654 बाय 2339 पिक्सेलचं होतं, वाचायला स्वच्छ आणि पीडीएफ हलकी. तीनशे डीपीआय रंगीत स्कॅन करून मग ‘पीडीएफ छोटी करा’ अशा कुठल्यातरी वेबसाइटवर आधार कार्ड चढवणं ही सर्वत्र दिसणारी आणि साफ चुकीची सवय आहे. ती साइट कुणाची, फाइल तिथे किती दिवस राहते, काही पत्ता नसतो. आणि एक छोटी गोष्ट, जी रोज कुणालातरी अडवते : डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. ई-पॅनचा पासवर्ड म्हणजे जन्मतारखेचे आठ आकडे. भिंतीवर लावून ठेवा.

संगणकांबद्दल. देणगीतले संगणक बहुधा विंडोज 10 चे असणार आणि बरेचसे विंडोज 11 ला चालत नाहीत. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे नियमित अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे सार्वजनिक जागी, जिथे लोक बँक उघडतील, तिथे ते तसंच चालवत राहणं बरं नाही. सगळ्यांत स्वस्त उपाय : जुनी हार्ड डिस्क काढून 240 जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क), रॅम किमान 4 जीबी, जमल्यास 8, आणि वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली. मिंटमध्ये ‘पाहुणा’ सत्र चालू करता येतं (सुरुवातीला ते बंद असतं, लॉगिन खिडकीच्या सेटिंगमधून चालू करा). वाचक उठला, सत्र बंद केलं की त्याच्या डाउनलोड केलेल्या फाइल, उघडी राहिलेली खाती, सगळं पुसलं जातं. सार्वजनिक संगणकावरची सगळ्यांत मोठी गळती हीच असते, डाउनलोड फोल्डरमध्ये साठलेली दीडशे लोकांची आधार कार्डं. मराठी इनस्क्रिप्ट आणि ध्वन्यात्मक दोन्ही कळफलक त्यात आहेत. अडचण येते ती प्रिंटरला. ज्या जुन्या लेझर प्रिंटरना फक्त कंपनीचाच ड्रायव्हर चालतो ते लिनक्सवर रडवतात. म्हणून बदल करण्याआधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून आपल्या प्रिंटरवर एक पान छापून बघा. नाहीच जमलं तर छपाईपुरता कार्यालयातला संगणक वापरा.

ब्रॉडबँड किती हवं? फॉर्म भरायला एका माणसाला 1 एमबीपीएससुद्धा पुरतं. 100 एमबीपीएसची जोडणी मदत-टेबलाला पुरून उरते, तरी अनेक ठिकाणी ‘नेट स्लो’ची तक्रार असते. कारण अभ्यासिकेतले वीस फोन त्याच वायफायवर आपोआप व्हिडिओ चालवतात आणि दुपारी तीनला एखादा संगणक अपडेट उतरवायला घेतो. राउटरमध्ये पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं काढा आणि त्याला वेगमर्यादा घाला, मदत-टेबलाचे संगणक वायरने जोडा. नको त्या साइट अडवायला राउटरमधलं डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) 1.1.1.3 करून ठेवलं तर कुठलाही खर्च न करता अश्लील आणि घातक साइट बऱ्याच अंशी बंद होतात. वीज गेली की काय बंद पडतं तेही बघून ठेवा. पावसाळ्यात हमखास होतं ते असं की यूपीएसवर संगणक चालू असतो पण फायबरचा डबा आणि राउटर भिंतीतल्या साध्या प्लगवर, म्हणजे पडदा उजळ आणि नेट मेलेलं. 600 व्हीएचा यूपीएस एका संगणकाला दहा-पंधरा मिनिटं देतो, अर्ज जमा करून बाहेर पडायला एवढं पुरतं. पण त्या यूपीएसवरच डबा आणि राउटर दोन्ही घ्या, किंवा त्यांना छोटा 12 व्होल्टचा वेगळा द्या.

नियमांचं थोडक्यात. सायबर कॅफेसाठी 2011 चे केंद्राचे नियम आहेत. ते व्यवसाय म्हणून इंटरनेट देणाऱ्यांना उद्देशून आहेत, म्हणून तासाला दहा-वीस रुपये घेण्याच्या भानगडीत पडू नका, फुकट ठेवा. त्यातल्या दोन गोष्टी मात्र तशाही पाळण्यासारख्या आहेत : कोण, कोणत्या संगणकावर, किती ते किती बसलं याची वही वर्षभर जपणं, आणि आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच न ठेवणं. सभासदाचा सभासद क्रमांक लिहा, बाहेरच्याचं ओळखपत्र पाहून नाव लिहा. त्याची झेरॉक्स काढून ठेवू नका. गरज नसताना लोकांची कागदपत्रं जमवणं 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या हेतूशीही जुळत नाही, आणि कपाटातला तो गठ्ठा कधीतरी रद्दीत जातोच.

आता एक काम जवळून बघू, कारण ऐरोली-ठाण्यात त्याची मागणी नक्की असणार. हयातीचा दाखला. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून निवृत्त झालेले, ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफ खात्याकडून मिळणारी पेन्शन घेणारे हजारो लोक या भागात राहतात. बोटांचे ठसे उमटत नाहीत ही त्यांची जुनी तक्रार, वर्षानुवर्षं यंत्रावर काम केलेल्या हातांच्या रेषा झिजतात. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याच्या सोयीमुळे हे काम आता एका अँड्रॉइड फोनवर होतं. लागतं काय : किमान 5 मेगापिक्सेलचा कॅमेरा, ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन अधिकृत ॲप, पेन्शनरचा आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, पेन्शन जमा होणारा खाते क्रमांक आणि ओटीपी येणारा फोन. पहिल्यांदा ॲप ‘ऑपरेटर’चा, म्हणजे फोन चालवणाऱ्याचा आधार आणि चेहरा मागतं. तो एकदाच द्यायचा. इथे पेन्शनर गोंधळतात, त्यांना वाटतं आपलंच झालं. त्यानंतर पेन्शनरचं नाव, पेन्शनचा प्रकार, मंजूर करणारी आणि वाटप करणारी संस्था भरायची.

चूक होते ती नेमकी या यादीत. बँक तीच असली तरी वाटप करणारी संस्था चुकीची निवडली तर दाखला तयार होतो, त्याचा ‘प्रमाण’ क्रमांकही येतो, पण पेन्शन कार्यालय तो नाकारतं आणि माणूस निर्धास्त घरी बसतो. म्हणून मागच्या वर्षीचा दाखला किंवा पीपीओ समोर ठेवूनच यादीतून निवड करा, आणि आठवड्याने स्थिती तपासायला त्यालाच बोलवा. चेहरा टिपताना खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. चष्मा काढायचा, मागे साधी भिंत, फोन डोळ्यांच्या उंचीवर. ॲप डोळे मिटून उघडायला सांगतं तेव्हा थरथरत्या मानेच्या माणसाला खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवू द्या. तीनदा नाही जमलं तर थांबा, खोलीतल्या दुसऱ्या जागी बसवून बघा, बहुतेकदा प्रकाशाचाच दोष असतो. आणि ईपीएस-95 वाल्यांना हे सांगाच : त्यांचा दाखला दिल्या दिवसापासून 12 महिने चालतो, वर्षात केव्हाही देता येतो. नोव्हेंबरच्या रांगेत त्यांनी उभं राहायचं काही कारण नाही. ती रांग सरकारी पेन्शनरांची, आणि केंद्राच्या 80 वर्षांवरच्या पेन्शनरांना तर 1 ऑक्टोबरपासूनच मुभा आहे.

शिकवण्याकडे वळू. ‘संगणक साक्षरता वर्ग’ म्हणून सीपीयू-मॉनिटर-माउसची चित्रं काढणारे वर्ग घेऊ नका. शिकायचं ते त्याच्या स्वतःच्या फोनवर, कारण घरी तोच असणार. एका वेळी सहा जण, दोन मदतनीस. पहिला अख्खा तास फक्त फोन माणसात आणण्याचा : अक्षरं मोठी करा, कळफलकात मराठी चालू करा, बोलून लिहायची सोय दाखवा. वयस्कर माणसांचं बोट पडद्यावर रेंगाळतं, म्हणून टिचकीऐवजी ‘दाबून धरणं’ होतं, चिन्हं हलायला लागतात, कधी गायबही होतात, आणि त्यांना वाटतं आपण फोन बिघडवला. अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंगमध्ये ‘स्पर्श करून धरून ठेवण्याचा विलंब’ लांब करा. एवढ्या एका बदलाने निम्मी भीती जाते. मग जागा मोकळी करा. ॲप उतरत नाही म्हणून अडलेल्या फोनमध्ये बहुधा ‘शुभ सकाळ’ची फुलं भरलेली असतात.

ईमेल खातं असेल तर ते नेमकं कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. पूर्वी कधीतरी कुठल्याशा दुकानात काढलेलं असतं आणि पासवर्ड परत मिळवण्याचा नंबर दुकानदाराचा असतो. तो बदलून घेणं हा एक स्वतंत्र धडा आहे. पासवर्ड वहीत लिहायचा का? माझं मत, लिहावा. घरी कपाटात ठेवलेली वही ही सगळ्या खात्यांना एकच ‘नाव@123’ ठेवण्यापेक्षा कितीतरी बरी. फक्त ती वही ग्रंथालयात ठेवून घ्यायची नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप, शिकवताना दोन कप्पे वेगळे दाखवा. सरकारी खात्याने तिथे पाठवलेला कागद मूळ कागदासारखा मानला जातो. आपण स्वतः फोटो काढून चढवलेला कागद म्हणजे नुसता फोटो. हा फरक न कळल्यामुळे लोक तपासनिसाशी भांडतात.

फसवणुकीचा धडा भाषणाने होत नाही. दोन फोन घेऊन एक रुपया पाठवा आणि पैसे येताना पिन मागितला जात नाही हे डोळ्यांनी दाखवा. यूपीआयचा पिन पैसे जाताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे येताना कधीच नाही. ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ हे त्यानंतर कुणाला पटत नाही. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ हा मेसेज आणि व्हॉट्सॲपवर आलेली .एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी), मग ती वाहनाच्या दंडाची असो की लग्नपत्रिका, या दोन्हींचे छापील नमुने टेबलावर ठेवा. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाही, हे मोठ्या अक्षरांत. आणि पैसे गेलेच तर क्रम असा : फोन विमान मोडवर, दुसऱ्या फोनवरून 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग बँक. जितक्या लवकर 1930 ला कळेल तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. लाजेपोटी लोक दोन दिवस घरात सांगत नाहीत, त्यामुळे हा नंबर फसल्यावर शोधायचा नसतो, आधीच फोनमध्ये साठवून द्यायचा असतो.

मदतनीस कुठून आणायचे? जवळच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांना वर्षाला 120 तास काम दाखवायचं असतं, त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोला. मुलं तंत्रात हुशार आणि धीरात कच्ची असतात. म्हणून तीन तासांचं प्रशिक्षण त्यांना तंत्राचं न देता बसण्याचं द्या : माउसला हात नाही, पासवर्ड टाइप होताना मान फिरवायची, स्वतःच्या यूपीआयवरून कुणाची फी भरायची नाही. शेवटचं विशेष महत्त्वाचं. पैसे कापले जाऊन पावती आली नाही की सगळा संशय त्या मुलावर जातो. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा भरू नका, व्यवहार क्रमांक लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी स्थिती बघा. ज्याच्याकडे यूपीआय नाही किंवा ज्याला ठसे द्यायचे आहेत त्याला सरळ ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात पाठवा. पण पाठवताना सांगा की अर्जाची पोच आणि क्रमांक मागून घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये अधिसूचित सेवांना मुदत आहे, ती उलटली तर अपील करता येतं आणि त्या अपिलाला हाच क्रमांक लागतो.

वाचन यात कुठे गेलं, असा आक्षेप कार्यकारिणीत येईलच. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली सुरू झालं तेव्हा पुस्तक विकत घेऊ न शकणाऱ्याच्या हाती ते द्यायचं होतं. आज दाखल्याच्या निमित्ताने आलेल्या बाईला त्याच फोनवर मराठी विश्वकोश किंवा विकिस्रोत दाखवता येतो, अंध वाचकाला पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकचा मराठी आवाज चालू करून देता येतो. पण दाखल्याचं काम झाल्यावर, आधी नाही.

शेवटी वही. मदतीची वही वर सांगितलेल्या संगणकाच्या वहीपासून वेगळी ठेवा आणि तिच्यात नाव, आधार, फोन काहीही लिहू नका. फक्त तारीख, बाई की पुरुष, अंदाजे वय, काम, मिनिटं, झालं की अडलं, आणि अडलं तर एक अक्षर : ‘मो’ मोबाइल, ‘ना’ नाव, ‘का’ कागद नाही, ‘स’ सर्व्हर. एक ओळ अशी दिसेल : ‘12/8, बाई, 40-50, शिष्यवृत्ती, 35 मि., अडलं, ना.’ तीन महिन्यांनी ‘मो’ आणि ‘ना’ मोजा. ‘मो’ जास्त निघाले तर आधार नोंदणीचं शिबिर ग्रंथालयाच्या सभागृहात भरवण्याची मागणी प्रभाग कार्यालयाकडे करता येते, आकड्यांसह. ‘स’ जास्त असतील तर लोक शेवटच्या दोन दिवसांत येतायत, सूचना फलकावर तारखा आठवडाभर आधी लावा. एसएसडी, यूपीएस घेताना कार्यकारिणीचा ठराव करा आणि वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढवा, नाहीतर परिरक्षण अनुदानाच्या, म्हणजे ग्रंथालयाला मिळणाऱ्या सरकारी अनुदानाच्या तपासणीत निष्कारण खुलासे द्यावे लागतात.

फलकावर आता काय लिहायचं ते उरलं. एवढंच पुरे : ‘मंगळवारी दुपारी 2 ते 4 बायकांसाठी, शुक्रवारी दुपारी 2 ते 4 सगळ्यांसाठी. शिष्यवृत्ती, दाखले, पीएफ, हयातीचा दाखला. फॉर्म तुम्ही भरायचा, आम्ही शेजारी बसतो. येताना आधारला जोडलेला फोन आणा. पैसे लागत नाहीत.’ खाली हेच हिंदीत. आणि तो दारावर लावलात तसा शेजारच्या रेशन दुकानात आणि रिक्षा स्टँडवरही लावा.